आईंना करमत नाही

जावेची जिरवायची म्हणून मी अलास्काला गेले, असं आमच्या नात्यात मागून बोललं जातं. कुणी समोर येऊन विचारलं तर मी सरळ हो म्हणेन. बर्फ, देवमासे, अस्वलं हे सगळं होतंच, पण ते नंतर. आधी माझी थोरली जाऊ होती.

तिला मी वहिनी म्हणते, कारण हे म्हणतात. वहिनी बोलायला फार गोड. त्यांचं घर आमच्यापेक्षा मोठं, तरी सासूबाई माझ्या लग्नापासून आमच्याकडेच, कर्वेनगरला. याबद्दल माझी तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण ती मी भांड्यांवर काढत असे. थोरले दीर आणि वहिनी मात्र सुट्टी लागली की निघाले. आधी सिमला, मग सिंगापूर, मग युरोप. परत आल्या की माझ्यासाठी फ्रिजवर चिकटवायचं एक मॅग्नेट. "तुला काय घर सोडता येत नाही, निदान दूध काढताना बघशील," असं म्हणून ते स्वतःच्या हाताने माझ्या फ्रिजवर लावून जायच्या. मी चहा टाकायचे.

घर का सोडता येत नव्हतं ते सांगते. मुलगी चौथीत असताना आम्ही कुलू-मनालीचं ठरवलं होतं. तिच्यासाठी मी कानांवर येणारी लाल टोपी विणली. सासूबाईंना तेवढ्या दिवसांपुरतं थोरल्यांकडे पोचवलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दाराशी रिक्षा थांबली. आधी सासूबाईंची पिशवी उतरली, मग सासूबाई, मग वहिनी.

"आईंना करमत नाही गं आमच्याकडे," वहिनी म्हणाल्या. "सारख्या खिडकीशी बसून असतात. म्हटलं, या वयात त्यांच्या जिवाला त्रास नको."

सासूबाई एक अक्षर न बोलता आत जाऊन आपल्या खाटेवर बसल्या. ह्यांचा स्वभाव असा, की आईला करमत नाही म्हटल्यावर विषय संपला. तिकिटं खिशात घालून हे स्टेशनवर गेले, रद्द करायला. मुलगी ती लाल टोपी घालून भर मे महिन्यात संध्याकाळभर पंख्याखाली बसून राहिली. घाम निथळत होता, पण काढेना. मी कितीतरी वेळा सांगितलं, शेवटी सांगायचं सोडून दिलं.

पुढे काही वर्षांनी अंदमान ठरलं, सासूबाई परत थोरल्यांकडे गेल्या. तेव्हा रिक्षा नाही, फोन आला. शब्द मात्र तेच, "आईंना करमत नाही गं." बॅगा परत माळ्यावर गेल्या. त्याच दिवाळीत वहिनी दुबईला जाऊन आल्या आणि मॅग्नेट आणलं, उंटाचं. त्या दिवसापासून मी आमच्या घरात सहलीचं नाव काढलं नाही. वहिनींशी हसून बोलत राहिले, तिळगूळ देत राहिले, आणि आतल्या आत दात-ओठ खात राहिले. माणसाने अशा गोष्टी विसराव्यात म्हणतात. ज्यांच्या बॅगा माळ्यावर गेल्या नाहीत त्यांनी खुशाल विसराव्यात.

आम्ही दोघं निवृत्त झालो. मुलगी खराडीला नोकरीला लागली, आणि एका रविवारी पोह्यांच्या बशीशेजारी लॅपटॉप उघडून म्हणाली, "आई, बाबा, जूनमध्ये आपण तिघं अलास्काला जातोय. आधी क्रूझ, मग लँड. बाबांच्या गुडघ्यांचा विचार करूनच प्लॅन केलाय. बोट चालते, आपण बसून राहायचं."

कॅनडाच्या एका बंदरातून बोट निघणार, किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जाणार, मग काचेच्या छपराच्या आगगाडीने आत, जिथे माणसांपेक्षा अस्वलं जास्त. ह्यांनी लगेच अस्वलांची काळजी सुरू केली. मी विचारलं, "खोली कुठल्या बाजूची?" मुलगी म्हणाली, आतली बिनखिडकीची स्वस्त पडते. मी म्हटलं, बिनखिडकीच्या खोलीत आयुष्य गेलं माझं, मला गॅलरी हवी. नकाशा मांडून मीच शोधून काढलं की उत्तरेला जाताना जमीन उजव्या हाताला राहते, तेव्हा खोली उजव्या अंगाची घ्यायची. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून ऐकत होत्या. नव्वदी गाठलेली, वॉकर धरून चालायच्या, पण कान तिखट. "तिथे जूनमध्ये रात्री अकरापर्यंत उजेड असतो," असं मुलीने वाचून दाखवलं, तर त्यांनी विचारलं, "मग दिवेलागण कधी करतात?"

माझी अट एकच होती. व्हिसे हातात पडेपर्यंत आणि पैसे परत न मिळण्याचा टप्पा येईपर्यंत नात्यात अवाक्षर काढायचं नाही. हे म्हणाले, "वहिनीला तरी सांगायला हवं, आईला कुठे ठेवणार?" मी म्हटलं, तुम्ही गुडघ्यांचे व्यायाम करा. मुलीने काही विचारलं नाही. टोपी तिनेच घातली होती.

मग आम्ही कामाला लागलो. व्हिशासाठी मुंबईला जाऊन आलो. तिथल्या अधिकाऱ्याने मला विचारलं, अलास्काच का? मी म्हटलं, लांब आहे म्हणून. लक्ष्मी रोडला भर उन्हात लोकरीचे मोजे मागितले तेव्हा दुकानदार म्हणाला, "बाई, दिवाळीनंतर या." मी म्हटलं, "दिवाळीला काय स्वेटर घालून फटाके उडवू? मला आत्ता हवेत." त्याने माळ्यावरून खोकं काढून दिलं, पण ते माझ्यावर उपकार केल्यासारखं.

चैत्रात वहिनींकडे गौरीचं हळदीकुंकू असतं. त्यांचा नवा फ्लॅट खराडीला, चौदाव्या मजल्यावर. तिथे सगळ्या चुलत-मावस नात्यातल्या बायका, त्यांच्या सोसायटीच्या बायका, सगळ्यांच्या हातात आंब्याची डाळ आणि पन्ह्याचे पेले. मी याच दिवसाची वाट बघत होते. वहिनी मला ओटीचे हरभरे देत असतानाच मी जरा मोठ्याने म्हटलं, "वहिनी, आम्ही जूनमध्ये अलास्काला निघालोय. व्हिसे झाले, बोटीचे पैसे भरून झाले. आई तुमच्याकडेच राहतील ना?"

वहिनींच्या हातातून दोन हरभरे खाली पडले. एवढ्या बायकांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांचा चेहरा बघून मला जे सुख झालं, ते पुढे हिमनदी बघूनही झालं नाही. खोटं कशाला बोलू?

पण वहिनी काही कच्च्या नव्हत्या. "अगं, हे काय विचारणं झालं?" त्या हसून म्हणाल्या. "फक्त आधी आठ दिवस राहून बघू दे त्यांना. करमलं तर प्रश्नच नाही."

तीच पाचर, तशीच्या तशी. बायका माना डोलावून म्हणाल्या, बरोबर आहे, म्हाताऱ्या माणसाचं मन बघायला हवं. घरी आल्यावर ह्यांनीही बजावलं, "आईला तिथे जरा जरी जड गेलं तर मी येणार नाही. तुम्ही दोघी जा." आणि ह्यांना टाकून आम्ही जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे सगळी सहल त्या आठ दिवसांवर येऊन बसली.

मी सासूबाईंचं सामान भरलं ते करमत नाही म्हणायला कुठे फट राहू नये अशा बेताने. त्यांची उशी, त्यांचा रेडिओ, देवासमोरची निरांजनं, मेतकुटाची बरणी, पाय टेकायचा पाट. वहिनींना म्हटलं, "चहा बिनआल्याचा, वरण जरा पातळ, आणि मालिका लागल्यावर मध्ये बोलायचं नाही." त्या कपाळाला आठी घालून ऐकत होत्या. निघताना मी सासूबाईंकडे बघितलं. त्या चौदाव्या मजल्यावरून खाली बघत होत्या. मनात म्हटलं, संपलं, ह्या परत खिडकीशी बसणार.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"अगं, आईंना करमत नाही गं."

या वाक्याची मी इतकी वर्षं उजळणी केली होती, की उत्तर तयार होतं. "वहिनी, आईंना द्या ना फोन."

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेला. मग सासूबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर. "कोण म्हणतं करमत नाही? छान करमतंय. वारा काय येतो इथे. आणि थोरली किती करते माझं. आज तर डोक्याला तेल लावून देणार आहे म्हणाली. तू तुझी तयारी कर."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन चक्क शिरा केला. पुढचे दिवस सासूबाईंनी जे केलं त्याच्या बातम्या मला वहिनींच्याच सोसायटीतल्या माझ्या एका मावसबहिणीकडून कळत होत्या. वॉकर घेऊन त्या लिफ्टने खाली बागेत यायच्या आणि दिसेल त्या बाईला सांगायच्या, "माझी थोरली सून म्हणजे सोनं आहे हो." वॉचमनलाही सांगितलं. बायका वहिनींना लिफ्टपाशी गाठून म्हणायला लागल्या, आजकाल कोण करतं एवढं. आता त्या कुठल्या तोंडाने रिक्षा बोलावणार? अशी खोड मला सात जन्मात मोडता आली नसती. आठ दिवसांनी सासूबाई परत आल्या त्या वहिनींच्या गाडीतून, नवी नऊवारी नेसून. वहिनी म्हणाल्या, "राहतील हो आई, काही प्रश्न नाही." त्यांचा आवाज पार बसला होता.

माझं उट्टं निघालं होतं. घरभर बॅगा पसरल्या. मुलीने ती जुनी लाल टोपी कुठूनशी शोधून काढली. डोक्यात बसेना, तरी बॅगेत घातली. मी फ्रिजवरची वहिनींची सगळी मॅग्नेटं काढून डब्यात भरली. मधे जागा करायची होती. वहिनींना काय आणायचं ते तर केव्हाच ठरलं होतं.

निघायच्या दिवशी सासूबाईंना पोचवायला आम्ही तिघं खराडीला गेलो. तिथून तसंच विमानतळावर जायचं होतं. ह्यांनी आईला नमस्कार केला, "राहशील ना नीट?" विचारलं, आणि डोळे पुसायला खाली गाडीकडे गेले. मुलगी त्यांच्यामागून गेली. वहिनी चहा टाकायला आत वळल्या. खोलीत आम्ही दोघीच राहिलो.

मी पाया पडायला वाकले तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. हात बारीक, पण पकड घट्ट होती.

"करमत नाही गं मला इथे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एक घटका करमत नाही. खाली तर बघवत नाही."

मी विचारलं, "मग तेव्हा फोनवर..."

"तेव्हा ती समोर उभी होती." त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. "मागे दोन्ही वेळांना मी काही म्हटलं नव्हतं. बरी होते मी तिच्याकडे. तेव्हा खालचं घर होतं त्यांचं, खिडकीतून माणसं दिसायची, मजेत बसायचे. हिनेच रिक्षा बोलावली. मला कुणी विचारलंच नाही. पोरीच्या डोक्यावरची ती टोपी अजून दिसते मला." मग मनगट सोडून म्हणाल्या, "तू जाऊन ये."

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काहीतरी वास आला असावा. "काय आई, करमेल ना?" त्यांनी मुद्दाम माझ्यासमोर विचारलं.

"न करमायला काय झालं," सासूबाई म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला.

मी उभ्याउभ्या चहा संपवला. लिफ्ट चौदा मजले खाली उतरेपर्यंत मला विचार करायला वेळ होता, आणि मी तो केला. गाडीचं दार उघडून ह्यांनी विचारलं, "काय म्हणाली आई?"

एक पाय गाडीत, एक बाहेर. मागच्या सीटवर मुलगी ती टोपी मांडीवर घेऊन बसली होती.

"करमतंय म्हणाल्या," मी म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.