वहीतली लाल नावं

एका खोलीत एक कॉम्प्युटर आणि चार माणसं कोंडली की किस्से मोजायचे नसतात, झाकायचे असतात! पंच्याऐंशी-शहाऐंशी साली कर्जतच्या आमच्या शाळेत एकुलता एक कॉम्प्युटर होता. गणिताचे गायकवाड सर पुस्तकं वाचून तो स्वतःच शिकले आणि मुलांसाठी त्यांनी एक खेळ रचला. भातावर पाखरं येतात, ती गोफणीनं हाकलायची. अख्खा प्रोग्राम एका वहीत लिहिलेला. सरांचा नियम एकच. "वही कुणीही उतरवून न्या. पण चूक सुधारलीत तर लाल शाईत, खाली नाव घालून!" नेरळच्या शाळेनंही ती उतरवून नेली. मी विज्ञानाची बाई. टायपिंग येत असल्यानं की-बोर्ड माझ्याकडे.

*

पहिलं लाल नाव शिपाई धोंडूमामांचं. कडावचे शेतकरी, कॉम्प्युटरला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. खेळ बघून म्हणाले, "सर, ही पाखरं येकाच बाजूनं कशी येतात ओ? आमच्या शेतात चारी बाजूंनी येतात. येवडी शिस्त आमच्या पोरांना पन नाय!"

सरांनी त्याच दिवशी पाखरं चारी बाजूंनी सोडली.

*

वही फाटायला आली, तेव्हा नवी उतरवायला हेडक्लार्क जोशींकडे दिली. अक्षर मोत्यासारखं! प्रोग्रामच्या ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर असतात, मध्ये काही घालायला जागा राहावी म्हणून. जोशींनी ते एक, दोन, तीन करून टाकले!

"अहो जोशी, हे काय?"

"मधले नंबर गहाळ होते, सर. तपासणीत मी काय उत्तर देऊ?"

सरांनी लाल शाईनं सगळे नंबर परत घातले. बाकीची वही मात्र कुणी तपासली नाही.

*

खेळ कॅसेटवर साठवलेला; रोज टेपरेकॉर्डर जोडून तिथूनच कॉम्प्युटरमध्ये भरायचा, वही उघडावीच लागत नसे. ती कॅसेट साधी वाजवली तर नुसती किंचाळते. एका सकाळी प्रार्थनेऐवजी चुकून तीच लागली, लाउडस्पीकरवर! सगळी शाळा हात जोडून शेवटपर्यंत उभी. मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "संस्कृत आहे का?"

समोरच राहणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना मात्र हसू आलं नाही. ते वकील. दुपारीच चिठ्ठी आली. 'शनिवारी येतो. पोरखेळच चालत असेल, तर यंत्र खोपोलीच्या शाखेत हलवू.'

त्या दिवशी गायकवाड सरांनी डबा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं.

*

शनिवारी वकीलसाहेब समोर खुर्चीत बसले आणि टेपरेकॉर्डरनं कॅसेटची फीत गिळली!

"दुसरं आहे का काही दाखवायला?"

"वही आहे," सर म्हणाले. "अर्धा तास द्या."

सर वाचत गेले, मी टाइप करत गेले. शेवटी पाखरं पडद्यावर आली आणि जागीच थिजली. सर घाम पुसत पानं उलटू लागले. जोशी भिंतीला टेकले. धोंडूमामा पुटपुटले, "उडा रं बाबांनो!"

वकीलसाहेब उठले. निघाले, असंच वाटलं. त्यांनी सरांच्या हातून वही घेतली, चष्मा चढवला आणि खाली बसून बोटानं ओळ न् ओळ वाचू लागले. मधली लाल नावंसुद्धा वाचली. दोन पानांनंतर बोट थांबलं.

"वर पाखरं 'बी'च्या नावावर ठेवलीत. इथं हलवताय 'पी'ला. सातबारा एकाचा आणि नांगर दुसऱ्याच्या शेतात?"

मी अक्षर बदललं. पाखरं चारी बाजूंनी सुटली!

"हाकला बाई, हाकला!" धोंडूमामा ओरडले.

वकीलसाहेब पडद्याकडे बघतच नव्हते. वही मांडीवर धरून त्यांनी हात पुढे केला.

"लाल पेन कुठाय?"