बारा मुलींचा लंगडी-मोर्चा

आई गेली तेव्हा मला सगळ्यात जास्त राग याचा आला, की जाब विचारायला कुणीच नव्हतं.

दुपारी जेवली, म्हणाली, "जरा पडते," आणि उठली नाही. डॉक्टर वेळेवर आले, नीट बोलले. अँब्युलन्सही आली, तीसुद्धा डोंबिवलीत, अर्धे रस्ते खोदलेले असताना. स्मशानातला माणूससुद्धा नम्र निघाला. मी कॉलेजपासून चळवळीत आहे, पत्रकं लिहिणं हे माझं काम. पाणी, फूटपाथ, बायकांसाठी स्वच्छतागृहं. दुःखावर एक खातं असतं, खात्यात एक अधिकारी असतो आणि अधिकाऱ्याच्या दारात ठिय्या द्यायला एक पायरी असते, असं मी धरून चाललेले. इथे पायरीच नव्हती. आठवडाभर मी घरात येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी बाबांवर ओरडले, की गॅसचं सिलेंडर उशिरा का येतं!

बाबा म्हणाले, "आज वेळेवर आलंय गं."

याचाही मला राग आला.

तेराव्याची जेवणं आटोपली तेव्हा दारात बारा मुली उभ्या. सगळ्या दहा ते चौदा वर्षांच्या. आई शाळेत पीटीच्या बाई होती आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या मैदानावर संध्याकाळी लंगडी शिकवायची. हो, लंगडी. तिची रीतसर स्पर्धा असते, पंच असतात, मैदान आखलेलं असतं. चौकोनात एकीनं एका पायावर उड्या मारत समोरच्या संघातल्यांना शिवायचं, दुसरा पाय टेकला की ती बाद. मी आईला कायम म्हणायचे, "देशात काय चाललंय आणि तू लंगडी शिकवतेस?" ती म्हणायची, "एकदा ये. पाच मिनिटं लंगडी घालून दाखव, मग देशाचं बोलू." मी कधी गेले नाही. दर वेळी काहीतरी आंदोलन असायचंच.

बाराजणींतली कॅप्टन पुढे झाली. तेरा वर्षांची, चष्म्याला मागून इलॅस्टिक बांधलेलं.

"ताई, महिन्याने ठाण्याला स्पर्धा आहे. बाईंनी आमची नावं दिलीत. बारा जणी लागतात आणि आम्ही बाराच आहोत. सोबत मोठं माणूस नसेल तर घरचे सोडणार नाहीत."

"मला लंगडी येत नाही."

"ती आम्हाला येते. तुम्ही फक्त उभ्या राहा."

त्यांच्यातली एक जरी गळली तर संघ संपला. एकीला गणिताचा क्लास लागणार होता, दुसरीचे बाबा कळव्याला घर बघत होते, सगळ्यात छोटी होती तिच्या आईला तर हा खेळच पसंत नव्हता. आईनं मागे ठेवलेल्या गोष्टींत भांडी होती, साड्या होत्या, गुडघ्याचं तेल होतं. पण जिवंत असं एवढंच होतं. हे मी फुटू देणार नव्हते. मी हो म्हणाले.

पहिल्याच दिवशी मी पत्रक काढलं. "एका पायावर उभ्या राहिलेल्या मुलींचा एल्गार!" असा मथळा, खाली सात मुद्दे. कॅप्टननं ते दोनदा वाचलं.

"छान आहे. पण यात प्रॅक्टिस किती वाजता ते नाही लिहिलंय."

मग मी घोषणा दिल्या. "कोण म्हणतं पकडणार नाही, पकडल्याशिवाय राहणार नाही!" मुलींनी दोन दिवस इमानदारीत ओरडून बघितलं. उड्या मारता मारता ओरडलं की दम लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईच्या वेळी त्या दहा दहा मिनिटं टिकायच्या म्हणे, माझ्या हाताखाली तीन मिनिटांत गारद. मला काहीच जमत नव्हतं आणि ते मला दिसतही होतं. स्वयंपाकघरात बाबा काळजीनं विचारायचे, "पोरी येतायत ना सगळ्या?" मी म्हणायचे, "बारा." रोज मोजायचे मी त्यांना, आधी आल्यावर आणि मग जाताना.

आणि मग एक दिवस मैदानावर बांबू आले.

मंडपवाल्याने लग्नसराईचं सगळं सामान आमच्या चौकोनाच्या अर्ध्यात आणून टाकलेलं. बांबू, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, नवरा-नवरीची दोन सिंहासनं आणि फायबरचा एक मोर, माणसाएवढा, पिसारा फुलवलेला. मुली मोराला वळसा घालून लंगडी घालू लागल्या. एक तर त्याच्या पिसाऱ्यामागे लपली आणि पाच मिनिटं कुणाला सापडली नाही.

खरं सांगते, ते बांबू बघून मला महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं. अखेर कुणीतरी अन्याय केला होता!

त्याच संध्याकाळी निवेदन तयार. विषय, संदर्भ, मागण्या, खाली "प्रत माहितीसाठी" म्हणून सहा अधिकाऱ्यांची यादी. प्रभाग कार्यालयात दिलं, पोच घेतली. आठवडा गेला, उत्तर नाही. स्मरणपत्र दिलं. उत्तर नाही. स्पर्धेला दोन दिवस उरले तेव्हा मी मुलींना गोल बसवून जाहीर केलं, की आता रस्त्यावर उतरायचं. मैदान ते प्रभाग कार्यालय, मोर्चा. आणि लंगडी घालत.

"ताई, परवा मॅच आहे," कॅप्टन म्हणाली.

"अन्याय मॅच बघून येत नाही."

"पण पाय दुखतील."

"पाय हेच आपलं हत्यार आहे!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या आल्या, कारण मी मोठं माणूस होते. हे आठवलं की मला अजून लाज वाटते.

चालत गेलं तर ते अंतर पंधरा मिनिटांचं आहे. दोघींनी फलक धरलेला आणि दोघीही उड्या मारत होत्या, त्यामुळे फलक असा वरखाली व्हायचा की त्यावर काय लिहिलंय ते कुणाला कळेना. घोषणेचे तुकडे पडायला लागले. "कोण! म्ह! णतं! दे! णार! ना! ही!" एका रिक्षावाल्याने रिक्षा बाजूला घेतली आणि भक्तिभावानं विचारलं, "ताई, कुठल्या देवीचा नवस आहे?" मी म्हटलं, नवस नाही, निषेध आहे. तो म्हणाला, "तेच ते, पाय तर दुखतातच ना." चौकातल्या पोलिसाने सगळ्या गाड्या थांबवल्या. त्याला वाटलं मुलींच्या पायांना काहीतरी झालंय. एक आजोबा त्यांची काठी कॅप्टनला देऊ करत होते, ती घेईना, ते सोडेनात, मग थोडं अंतर ते आमच्याबरोबर आले.

कार्यालयात साहेब नव्हते. क्लार्कने चष्म्यावरून बघितलं.

"कशाविरुद्ध आहे?"

"बांबूंविरुद्ध."

त्याने शिक्का मारला. मग खिडकीतून बाहेर बघितलं. तिथे बारा मुली एका पायावर उभ्या होत्या, कारण मी सांगितलेलं, पाय टेकला तर शिस्त मोडली.

"परत पण तशाच जाणार?"

इथे मी नाही म्हणू शकले असते. त्याच्या प्रश्नात खरंच काळजी होती. पण मला ते आव्हान वाटलं.

"तशाच!" मी म्हणाले.

परतताना सिग्नलला सगळ्यात छोटी रडायला लागली. मी तिला म्हटलं, इतिहास लक्षात ठेवेल. ती म्हणाली, "आई पण ठेवेल."

मैदानावर पोहोचलो तर मैदान मोकळं. एकही बांबू नाही. मंडपवाले काका मोराला आडवा करून टेम्पोत चढवत होते. ते इथले मूळचे, आमच्या बिल्डिंगच्या जागी त्यांच्या आजाची भातखाचरं होती. मला क्षणभर वाटलं, मोर्चा यशस्वी झाला. मी विजयी मुद्रेनं विचारलं, "कोणाची ऑर्डर आली?"

"कसली ऑर्डर गो? सकाली ही बारकी पोर मना बोलली, काका, तुमचा मोर मदी येतंय. मी बोललू, बरा, दुपारी नेतंव."

मी छोटीकडे वळले. "तू त्यांना सांगितलंस?"

"हो. शाळेत जाताना."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही घोषणा देत होतात."

काकांनी मोराच्या मानेला दोरी आवळली. "तुमी कदी ईचारलाव मना, बाय? मी रोज हितंच बसतंय, चा पीत. तुमची आई असती त तिनी चा पण पाजली असती."

पंधरा दिवसांत मी सात ठिकाणी कागद दिलेले. त्या माणसासमोरून मी रोज दोनदा जात होते आणि एकदाही त्याच्याशी बोलले नव्हते.

स्पर्धेच्या दिवशी माजिवड्याच्या पुढच्या एका शाळेच्या मैदानावर आमचा संघ उतरला. उतरला म्हणजे, बसच्या दांड्याला धरून एकेक पायरी, आजीबाई उतरतात तसा. बाराही जणींनी मोर्चा आपापल्या आवडत्या पायावर केलेला आणि बाराही जणींचा आवडता पाय उजवा होता. पोटऱ्या दगडासारख्या. समोर शहाडचा संघ, त्यांचे सर सावलीत बसून शेंगदाणे खात होते.

आमची पहिली मुलगी चौकोनात शिरली, तीन उड्या मारल्या आणि चौथ्या उडीला बसली. पडली नाही हं, बसली. दुसरीने चार मारल्या आणि पंचांना म्हणाली, "सर, पाय बदलला तर चालेल का?" तिसरी आत जाताना रेषेवरच वाकली आणि पोटरी चोळत राहिली. शहाडच्या मुलींना पळावंही लागलं नाही. त्या उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या, एकीने तर मदतीला हात पुढे केला आणि त्यामुळे ती शिवली गेली. आमची एकमेव कमाई. मग त्यांची पाळी आली तेव्हा आमच्या मुली चौकोनात शेतातल्या बुजगावण्यांसारख्या उभ्या होत्या.

मी पंचांकडे गेले आणि लेखी हरकतीचा कागद मागितला. हात आपोआप चालतो माझा. विषय लिहिला, "अन्यायकारक पराभवाबाबत."

पंचांनी विचारलं, "हरकत कोणाविरुद्ध?"

पेन थांबलं. महिनाभर मी गुन्हेगार शोधत होते आणि आता मला त्याचं नाव, पत्ता, फोन नंबर सगळं माहीत होतं. मी ते लिहिलंसुद्धा. पंचांनी नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि मुलींसाठी आणलेल्या डब्यातली लिंबाची फोड माझ्या हातात ठेवली. मी ती चोखली आणि मग मला रडू फुटलं, मोठ्याने, मैदानाच्या मधोमध, लिंबाच्या तोंडानं. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

बाराजणी लंगडत आल्या.

"ताई, हरलोय फक्त," कॅप्टन म्हणाली. "एवढं काय?"

"मला आई हवीय," मी म्हणाले. सत्तावीस वर्षांची बाई, तेरा वर्षांच्या मुलीला.

"आम्हाला पण," ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. कुणीतरी उरलेली लिंबं वाटली.

दोन दिवस संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकही मेसेज नव्हता. तिसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले तेव्हा कुणी येईल असं धरूनच चालले नव्हते. कॅप्टन कागद घेऊन उभी होती.

"माननीय ताई यांस. विषय, आमच्या मागण्या. एक, मैदानाबाहेर लंगडी घालायला लावू नये. दोन, मॅच चालू असताना घोषणा देऊ नयेत. तीन, दोन्ही पायांची प्रॅक्टिस घ्यावी. चार, बाईंची आठवण आली तर आठवण आली असं सांगावं, उगाच आमच्यावर चिडू नये. वरील मागण्या मान्य असल्यास कल्याणच्या स्पर्धेत आपण आमच्या ताई राहाव्यात ही विनंती."

निवेदन उत्तम होतं. तारीख घालायची राहिलेली, ती मी दाखवून दिली. मग सह्या मोजल्या. अकरा.

"छोटीच्या आईने नाव काढलं तिचं," कॅप्टन म्हणाली. "मोर्च्यामुळे."

अकरा जणींचा संघ होत नाही. माझ्या डोक्यात लगेच मसुदा सुरू झाला, पालकांस खुले पत्र, मुलींचा खेळण्याचा हक्क. मी अर्ध्या वाक्यात थांबले. मागण्यांच्या खाली "सर्व मान्य" लिहून सही केली, मुलींना डाव्या पायाच्या उड्या मारायला सांगितल्या आणि एकटीच छोटीच्या बिल्डिंगकडे निघाले.

मी मंत्र्यांच्या गाड्या अडवल्यात. पण त्या दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजवण्याआधी मी दोनदा अर्धा जिना उतरून परत चढले. छोटीच्या आईने दार उघडलं. हात पिठाचे, चेहरा भांडणाच्या तयारीचा.

"मोर्चा माझी चूक होती," मी म्हणाले. "परत नाही होणार. तिला पाठवाल का, हे विचारायला आले."

तिनेही बहुधा खूप काही तयार करून ठेवलेलं, ते सगळं वाया गेलं. आतून धप, धप, धप असा आवाज येत होता.

"ऐकताय? दोन दिवस हेच चाललंय," ती म्हणाली. "बेडरूम ते किचन, किचन ते बेडरूम. खालच्या वहिनी दोनदा येऊन गेल्या. न्या तिला बाई, पण सातला घरात पाहिजे."

"पावणेसातला आणते."

छोटी धावत बाहेर आली, चपला हातात घेतल्या आणि डाव्या पायावर जिना उतरायला लागली.

"अगं, चालत उतर!" मी कठड्यावरून ओरडले. "मैदानाबाहेर लंगडी नाही! पहिलीच मागणी आहे तुमची!"

खालच्या मजल्यावरून आवाज आला, "त्याच्यावर माझी सही नाहीये!"