दातांच्या दवाखान्यातली विमानं

प्रत्येक किटच्या खोक्यात चार-दोन तुकडे उरतातच. विमान पुरं होतं, फोटो काढून होतात, आणि टेबलावर एखादं जादा चाक, एखादी कसली तरी नळी तशीच पडलेली असते. फेकवत तर नाही! माझ्याकडं अशा उरलेल्या तुकड्यांचा एक डबा आहे. आमच्या रविवारच्या बैठकीतले किस्सेही असेच साठत गेले. डब्यात अजून जागा आहे, डोक्यात मात्र उरलेली नाही. म्हणून आज थोडं रिकामं करतो.

आधी आमची ओळख. मी उमरग्यात दातांचा डॉक्टर. रविवारी दुपारी दवाखाना बंद असतो, तेव्हा आम्ही तिथं लढाईतली फायटर विमानं बनवतो. खरी नव्हे हो! प्लॅस्टिकची, किटमधले सुटे तुकडे जोडून, खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढी. पण खऱ्या विमानाच्या फोटोत जे आहे ते सगळं त्यात आलं पाहिजे, आणि जे नाही ते येता कामा नये, हा आमचा नियम. नियम घालणारे कांबळे सर, शाळेत भूगोल शिकवतात. रंगाचं खातं मल्लू पेंटरकडं. हायवेवरच्या निम्म्या ट्रकांचे नंबर त्याच्या हातचे. आणि जागा, दिवा, चिमटे, भिंग हे सगळं माझं, म्हणून मला कुणी काढून टाकत नाही.

*

एका रविवारी मी एकटाच होतो. पेशंटच्या खुर्चीवर डोकं टेकायच्या जागी विमान ठेवलं होतं, वरचा दिवा लावला होता आणि ड्रिलनं त्याच्या नाकाला भोक पाडत होतो. (ते ड्रिल जुनं, टाकाऊ. पेशंटच्या तोंडात जात नाही. हे आताच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या दवाखाना ओस पडायचा!)

दार उघडं होतं. बलसूरच्या एक मावशी गाल धरून आत आल्या. ठणका लागला होता म्हणून रविवार असूनही आल्या होत्या. मी दचकून उठलो, विमान उचलायला लागलो.

मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या डॉक्टर. त्याचं उरकून घ्या आदी. त्याचा नंबर पयला हाय!"

आणि खरंच बाकावर जाऊन बसल्या.

*

किट कुरियरनं येतात. आमचे कुरियरवाले भाऊ मोठे प्रामाणिक, पाकिटावर जे लिहिलंय तेच बोलतात. एकदा मी पेशंटच्या दाढेत गुंतलेला, म्हणून फोन स्पीकरवर घेतला.

"डॉक्टर, तुमचं लढाऊ विमान आलंय! चौकात उतरवू का दवाखान्यापर्यंत आणू?"

पेशंट दाढ विसरून खुर्चीतच उठून बसला. पुढचे आठ दिवस मी भाजी आणायला गेलो तरी लोक आभाळाकडं बघून माझ्याकडं बघायचे.

*

कांबळे सरांचं काय सांगावं! आम्ही पत्र्यावरचे रिव्हेट, म्हणजे खिळ्यांची डोकी, बघतो; सर मोजतात. माझा एक पंख त्यांनी पाऊण मिलिमीटरसाठी तोडायला लावला होता. मी आठ दिवस बोललो नव्हतो त्यांच्याशी. तोडून परत बसवला तेव्हा चांगला दिसायला लागला, त्याचा तर मला जास्तच राग आला.

एकदा सरांनी कॉकपिटच्या आतलं काम घरी नेलं. खुर्चीचे पट्टे, घड्याळांचे काटे, पायाखालच्या दांड्या. मुंगीलासुद्धा कमी पडेल एवढी जागा! तीन आठवडे डायनिंग टेबल त्यांच्या ताब्यात. घरचे चौघं सतरंजीवर जेवत होते. काम पुरं झालं आणि सरांनी वरून झाकण चिकटवून टाकलं. एवढ्याशा काचेतून आतलं काही दिसेना.

वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "आता ह्यातलं दिसतंय काय?"

"दिसत न्हाय," सर म्हणाले, "पण आत बरोबर हाय, हे मला ठाऊक असतंय की!"

वहिनींनी त्यांच्या हातात ओलं फडकं दिलं. "मग फ्रिजच्या मागचं बी पुसा. ते बी दिसत न्हाय!"

सरांनी पुसलं. कोपऱ्यासकट!

*

मल्लूचा हात असा, की तांदळाच्या दाण्यावर ट्रकचा नंबर लिहील. पण पहिलं विमान रंगवून झाल्यावर सर त्याला म्हणाले, "आता हे मळवायचं. लढाईतलं विमान हाय, शोरूममधलं न्हाय. धूर, तेल, धूळ सगळं पाहिजे."

मल्लूनं ब्रश खाली ठेवला. "सर, पंचवीस वर्षं झाली, माझ्या हातनं गाडी मळकी गेली न्हाय. गिऱ्हाइकाला कळलं तर पुन्हा पायरी चढंल का?"

दोन रविवार तो आलाच नाही. तिसऱ्या रविवारी आला, कागदाच्या पुडीत काहीतरी घेऊन. बोटानं विमानाच्या चाकामागं चोळलं, पोटाखाली ओढलं, धुराड्याच्या मागं काळं केलं. आम्ही बघतच राहिलो. धूळ कुठं बसते आणि तेल कुठं ओघळतं हे त्याच्याएवढं कुणाला माहीत असणार! जन्मभर तो तेच पुसत आला होता.

फोटो आम्ही इंटरनेटवरच्या एका ग्रुपवर टाकले. परदेशातल्या एका गृहस्थांनी विचारलं, अशी धूळ आम्हाला कधी जमली नाही, कुठली पावडर वापरता?

मल्लू म्हणाला, "लिवा. उमरगा चौरस्ता, हैदराबादकडं जाताना डाव्या अंगाला!"

*

आता आमचे चौथे गडी. सुरवसे काका, अणदूरचे. पंचाहत्तरी ओलांडलेली. कवळीचं माप द्यायला आले होते. त्यांच्या तोंडात माप घ्यायचा मसाला भरलेला, मी म्हटलं, पाच मिनिटं हलायचं नाही. एक मिनिट झालं आणि काका "आं... आं..." करत समोर बोट दाखवायला लागले. मला वाटलं, गुदमरले. "नाकानं श्वास घ्या काका, घाबरू नका!" तर ते जास्तच जोरात "आं!"

घाईघाईनं मसाला काढला. माप वाया गेलं. काकांनी तोंड पुसलं आणि समोरच्या कपाटातल्या विमानाकडं बोट करून म्हणाले,

"त्याचं म्होरलं चाक उलटं बसिवलंय!"

ते होतं नॅट. आपल्या हवाई दलाचं एकाहत्तरच्या लढाईतलं इवलंसं फायटर. दोन वर्षं ते कपाटात होतं. सरांनी भिंगातून पास केलेलं! काका हवाई दलात फिटर होते, आणि त्या लढाईत याच विमानांवर त्यांनी काम केलं होतं. "लई गुणाचं विमान," म्हणाले, "शिडी लागायची न्हाय. जमिनीवर उभं ऱ्हाऊन हात पुरायचा."

मी सरांना फोन केला. मग त्यांनी मोटरसायकल काढली आणि थेट अणदूर गाठलं, काकांना रविवारचं आमंत्रण द्यायला. चाक कुठल्या बाजूनं बसतं हे तिथं अंगणात काडीनं काढून घेतलं, दोनदा.

*

काका दर रविवारी एसटीनं यायला लागले. आमच्या चुका काढायचे, चहा प्यायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत. एके दिवशी चहा हातातच ठेवून म्हणाले, "माझं एक काम कराल का?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. विमानाचं काम एकानं करायचं, तपासायचं दुसऱ्यानं, आणि कागदावर सही दोघांनी करायची, हा त्यांचा कायदा. लढाईच्या एका सकाळी काकांनी आपल्या विमानाचं डाव्या बाजूचं एक पॅनल बंद केलं. म्हणजे पत्र्याचं झाकण, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. तपासणाऱ्याला तेवढ्यात दुसऱ्या विमानाकडं पळावं लागलं. पायलट साहेब वर बसलेले, इंजिन सुरू. त्यांनी खाली बघून विचारलं, "सब ठीक?" काकांनी अंगठा वर केला. विमान गेलं. परत आलं नाही.

"गोळी लागून पडलं म्हनले सगळे. कागदावर बी तसंच आलं. मला कुणी एक शब्द इचारला न्हाय, डॉक्टरसाहेब. इचारलं असतं तर बरं झालं असतं." काकांनी कप खाली ठेवला. "चार स्क्रू. तीन आवळलेले आठवत्यात. चौथा आठवत न्हाय."

मल्लू, ज्याचं तोंड झोपेतच बंद असतं, तो धुतलेलाच ब्रश परत परत धूत होता.

"तेच विमान करा," काका म्हणाले. "शेपटीवरचा नंबर मी सांगतो. सगळं तुमीच करा. तेवढं पॅनल माझ्यासाठी ठिवा. अन् तपासायला कांबळे सर."

नंबर त्यांनी एका दमात सांगितला. स्वतःचा मोबाइल नंबर त्यांना आजही चिठ्ठी बघून सांगावा लागतो.

*

त्या विमानावर आमचं एकच भांडण झालं. मल्लूच्या हातातून कुठलीच गाडी लिंबू-मिरचीशिवाय सुटत नाही. त्यानं मोहरीएवढं लिंबू केलं, त्याखाली केसाएवढ्या मिरच्या, आणि विमानाच्या नाकाखाली टांगलं. सर खवळले.

"फोटोत कुठं हाय लिंबू? दाखव!"

"सर, जोखमीवर चाललेलं विमान हाय! असंच सोडायचं का?"

शेवटी निवाडा काकांकडं गेला. काका हसले. "दसऱ्याला आमी पूजा करायचो की. हार घालायचो, चाकाखाली लिंबू ठिवायचो."

मल्लूनं कॉलर ताठ केली. सरांचा चेहरा पडला. पण भूगोलाचा मास्तर तो! क्षणभर विचार करून विचारलं, "काका, हे विमान दसऱ्याचं का?"

"न्हाय. कडाक्याच्या थंडीतलं."

"मग काढा लिंबू!"

*

विमान पुरं झालं. सरांनी रिव्हेट मोजले, मल्लूनं धूळ चढवली, पुढचं चाक काकांनी स्वतः बघून घेतलं. राहिलं ते डाव्या बाजूचं झाकण, करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढं, चार कोपऱ्यांना चार बारीक ठिपके.

त्या रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. हात धुतले. मी चिमटा दिला, तो त्यांच्या बोटांत ठरेना. मी म्हटलं, "काका, मी नुसतं धरतो, तुम्ही दाबा."

"न्हाय. हे माझं काम हाय."

झाकण दोनदा टेबलावर पडलं, एकदा खाली. मल्लूनं फरशीवर पालथं पडून ते शोधून दिलं. चौथ्यांदा बसलं. काकांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि दहा मिनिटं उचललं नाही. पंख्याचं वारं लागतंय म्हणाले, मी पंखा बंद केला. चौघंही घामाघूम झालो.

मग त्यांनी किटचा नकाशा पुढं ओढला, त्या झाकणाच्या चित्राशेजारी सही केली आणि कागद सरांकडं सरकवला.

"माझं झालं. आता तपासा."

सरांनी भिंग डोळ्याला लावलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. झाकण तिरपं बसलं होतं. पाऊण कसलं, चांगलं एक मिलिमीटर! कडेनं गोंदाचा थेंब बाहेर आलेला, त्यावर काकांच्या बोटाचा ठसा. भिंग नसतं तरी दिसलं असतं. सर बघत राहिले. काका सरांच्या तोंडाकडं बघत राहिले. मी मनात म्हटलं, सर, आज नको. एवढं एक सोडा.

सरांनी भिंग खाली ठेवलं. चष्मा काढला. मग नखानं झाकणाचा एक-एक कोपरा वर उचलून बघायला लागले, जोर लावून.

"एक घट्ट. दोन घट्ट. तीन घट्ट."

चौथ्या कोपऱ्याशी ते थांबले. पुन्हा नख घातलं, पुन्हा जोर लावला.

"चौथा बी घट्ट हाय, काका. हलत न्हाय."

आणि खिशातलं पेन काढून त्यांनी पूर्ण नावानं सही केली, खाली तारीख घातली.

काकांनी दोन्ही सह्या वाचल्या. कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि टेबलापासून दोन पावलं मागं सरकून ताठ उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब," म्हणाले, "आता पायलट साहेबांना बोलवा. विमान तयार हाय."