आबांच्या खिशातली डबी

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात मी एक डबी बनवली होती. काडेपेटीएवढी. एक्स-रे विभागात काम करणाऱ्यांनी ती छातीच्या खिशाला लावायची आणि अंगाला किती किरण लागले ते तिच्यावर वाचायचं. विक्रीआधी तिची प्रकार चाचणी व्हावी लागते. प्रयोगशाळा नमुने पाडते, तापवते, हलवते, रेडिओलहरींत ठेवते, आणि त्यावर पुढच्या सगळ्या डब्यांचा भरवसा ठरतो. मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, नापास झाली तर हे काम बंद. माझी तीन वर्षं त्यात गेली होती.

मला धास्ती हादऱ्यांची. कारखान्यातलं हादरे देणारं यंत्र फारच सभ्य वाटायचं. म्हणून सुट्टीला गावी, सांगवीला गेले आणि वडिलांच्या, आमच्या आबांच्या, खिशाला डबी अडकवली. ते उसाची ट्रॉली घेऊन सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्यावर निघाले होते. त्या रस्त्यावर टिकली तर ती कुठंही टिकणार, अशी माझी खात्री होती.

संध्याकाळी आबा आले. नैसर्गिक किरणांनी दिवसभरात दोन-तीनाने वाढणारा आकडा दोनशेच्या वर गेलेला. माझं डोकंच फिरलं.

“आबा, कुठं ठेवली होती?”

“खिशातच की. तू लावलीस तितंच हाय.”

तेवढ्यात त्याच खिशात त्यांचा फोन वाजला. ऊसतोडीचा मुकादम होता, तो दिवसभर फोन करत होता म्हणे. आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा चढला. मी माझ्या फोनवरून त्यांना पुन्हा फोन लावला. पुन्हा चढला. मी अंगणात उड्याच मारायला लागले.

“बिघडली म्हून नाचतीस व्हय?” आबा म्हणाले.

“हितं बिघडली म्हून नाचतीय, आबा. तितं चाचणीत बिघडली असती तर रडले असते.”

आमच्या कारखान्यात सगळ्यांचे फोन गेटवरच्या पेटीत जमा होतात. डबीशेजारी फोन कधी आलाच नव्हता, आणि म्हणूनच रेडिओलहरींच्या चाचणीबद्दल मी निर्धास्त होते. फोनबरोबर अक्कलही त्याच पेटीत ठेवून मी रोज आत जात होते!

मग फोनच्या लहरी अडवायला आतल्या सर्किटला तांब्याच्या पत्र्याचं कवच केलं. तशा नव्या डब्या चाचणीला गेल्या, एक आबांनी मागून घेतली.

निकाल कळला त्या दुपारी मी गेटवरच्या पेटीतून माझा फोन काढला. आबांना फोन लावला. त्यांनी उचलला, पण मला बोलूच देईनात.

“थांब, आधी आकडा बघू दे.”

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

“सकाळपासनं दोनानंच वाढलाय. तू फोन केलास तरी हलला न्हाय.” मग म्हणाले, “आता सांग, तितल्या चाचणीवाल्या लोकांचं काय म्हणणं हाय?”

“तेच म्हणणं हाय, आबा,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.