वाट वाकडी करून

धाकटीचं पहिलं बाळंतपण बँकॉकला व्हायचं होतं. खरं तर ते माहेरी व्हायचं, पण डॉक्टर तिला विमानात बसू देईनात. मग माहेरानेच उठून जायचं ठरलं आणि मी घाटकोपरच्या आमच्या चिमुकल्या स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू करायला घेतले.

थोरली सिंगापूरला. दोघी परदेशी, म्हणजे माझ्या लेखी एकमेकींच्या शेजारीच. ह्यांनी मोबाइलवर बघून सांगितलं, "शेजारी कसल्या? चौदाशे किलोमीटर आहे. विमानाला अडीचेक तास." त्यातले अडीच तास मी नेमके उचलले. गेल्या गणपतीत नणंदेकडे बोरिवलीला जाताना आम्ही टॅक्सीत तेवढेच बसलो होतो, आणि एवढं करून आरती चुकली ती चुकलीच.

लगेच थोरलीला फोन लावला.

"बारशाला ये गं."

"बघू."

"बघू काय? अडीच तासांचं तर विमान. सख्खी मावशी ना तू?"

"सुट्टी नाही मिळत, आई."

मी कसली गप्प बसतेय! दर फोनला अडीच तासांचं तुणतुणं लावलं. शेवटी एका दुपारी ती भडकली.

"तिकीट काढलं होतं मी. रद्द केलं. अडीच तास बसेन गं मी, पण उतरल्यावर जो तो विचारणार, आता तुझा नंबर कधी? ते नाही झेपणार मला."

चार वर्षं तिचे उपचार चालले होते. मागच्याच महिन्यात पुन्हा एकदा अपयश आलं होतं. मला हे सगळं ठाऊक होतं. फोन ठेवला तोवर कढईतला डिंक जळून काळा झाला होता. स्वतःचा इतका राग आला की कढई तशीच मोरीत आपटली.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "माझं तिकीट सिंगापूरवरून काढा."

"उगाच वाट वाकडी करून?"

"हो, वाकडी करून. धाकटीला अजून महिना आहे."

सिंगापूरला थोरलीने माझी पिशवी उपसली. आत लाडवांचे दोन डबे.

"हे तिचे ना? वर ठेवते, मुंग्या येतील."

"एक तुझा."

ती थबकली. "आई, हे बाळंतिणीचे असतात."

"कुणी सांगितलं? थकलेल्या बाईचे असतात."

तिने ओट्याला टेकून उभ्याउभ्याच एक लाडू खाल्ला. मग दुसरा घेतला, आणि तो हातात तसाच धरून माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मीही रडले. चार दिवस राहिले तिच्याकडे. बारशाचा विषय काढला नाही. विमानतळावर तिने मला घट्ट मिठी मारली, पण धाकटीसाठी निरोप काही दिला नाही.

बँकॉकला धाकटी पोट सांभाळत दारात उभी होती. बॅग खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, "ताई येणार ना गं बारशाला? अडीच तास तर आहेत!"

"नाही गं," मी म्हटलं. "लांब पडतं तिला."