काळ्या पडद्यामागचे बैल

सन २०२३. माझं वय एकाहत्तर, आणि तोवर माझ्या हातून एकही चूक झालेली नव्हती. (बायकोला विचारू नका.)

मिनू माझी एकुलती नात, पुण्याला असते. आदल्या दिवाळीत आली तेव्हा तिने आपला जुना कॉम्प्युटर पिंपळगावला मांडून दिला आणि त्यात शेतीचा एक गेम टाकला. दर रविवारी चार वाजता ती तिथून, मी इथून, वावर एकच! त्यात बैलजोडी होती. मी नावं ठेवली तांब्या आणि बाण्या. खरे तांब्या-बाण्या माझे गुडघे गेले तेव्हा विकले. त्या दिवसापासून रिकाम्या गोठ्याकडे पाहवत नाही. पण पडद्यावर घुंगरं वाजली, की माझी जीभ आपोआप ‘टक्‌ टक्‌’ करायची!

“डब्यातले बैल हाकलून राह्यला मानूस!” बायको म्हणायची.

एका रविवारी गेम उघडेचना. पडदा काळाकुट्ट, मधोमध इंग्रजी पाटी, तिच्याखाली दोन बटणं! तेवढ्यात मिनूचा फोन.

“आबा, काय लिहिलंय तिथे?”

मी तिसरी पास. पण ‘मले इंग्रजी येते’ असं मीच तिला लहानपणी सांगून ठेवलेलं!

“काही नाही वं माय, धूळ बसली.”

फोन ठेवला, डबा उघडला आणि आतल्या पंख्याला, गाडीच्या आखाला द्यायचो तसं, एरंडेल दिलं. पडदा काळाच, वर घरभर वास!

“सांगा ना पोरीले, वाचता येत नाही म्हनून,” बायको म्हणाली.

“येते मले!”

“मंग वाचा!”

“चष्मा सापडून नाही राह्यला.”

“कपायावर हाये तो!”

शेवटी मिनूला व्हिडिओ कॉल लावला, मोबाईलचा कॅमेरा पडद्यासमोर धरला आणि म्हणालो, “कॅमेरा नीट चालते का, पाह्य बरं.” तिने पाटी वाचली.

“आबा, ग्राफिक्स ड्रायव्हर जुना झालाय. चित्र काढणारा प्रोग्राम असतो तो. नवा टाकू का, असं रोज विचारत नव्हता?”

विचारत होता! रोज एक चौकट यायची, दोन बटणांची. उजवं दाबलं की गुपचूप निघून जायची. मी सहा महिने उजवंच दाबलं!

“पण का, आबा?”

“माह्या बापानं सांगतलं होतं, जे वाचता येत नाही त्याच्यावर अंगठा द्याचा नाही!”

बोलून गेलो.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “आता डावं दाबा. मी वाचलंय ना.”

दाबलं. पडदा दोनदा लुकलुकला, बराच वेळ काहीबाही फिरलं, आणि घुंगरं वाजली! मी ‘टक्‌ टक्‌’ केलं. पुण्याहूनही ‘टक्‌ टक्‌’ आलं. चष्मा पुसावा लागला. (एरंडेलाचा हात लागला असेल.)

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायच्या आत फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मास्तर आला.

“पहिलीचं इंग्रजीचं पुस्तक दे बे एक.”

“कोनासाठी, काका?”

“नातवासाठी!” छाती काढून सांगितलं.

मला नातू नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मास्तर तर माझा सख्खा पुतण्या!