दाराबाहेर बसलेला दमा

आमच्या भालूदादाला मारलं ते सुतकानं, दम्यानं नाही. डॉक्टरांनी दमा सांगितला, स्मशानातनं परत आलेल्यांनी दमा सांगितला, सांगू देत. मी त्याची सख्खी धाकटी बहीण, पद्मा. माझं लग्न व्हायचं होतं, त्याच घरात राहत होते आणि मला डोळे होते.

दादा लहानपणापासूनच दमेकरी. थंडी सुरू झाली की त्याची छाती वाजायला लागायची ती थेट होळीपर्यंत. उशांचा ढीग करून रेलून बसायचा, खांदे वर, तोंड उघडं. आई गेल्यापासून पाठ चोळायचं काम माझ्याकडे होतं. आणि नोकरी कुठे, तर दफ्तरखान्यात. दरबारच्या जुन्या कागदांचे लाल फडक्यांत बांधलेले बस्ते, आणि त्यांवर पिढ्यान् पिढ्यांची धूळ. पण आमच्यात बापाच्या जागेवर मुलगा लागायचा, तिथे छाती कोण विचारतो? वडील त्याच धुळीत रिटायर झाले आणि वर्षभरात गेले.

मग अठ्ठेचाळीस साली ग्वाल्हेरचा दरबार मध्य भारतात विलीन झाला. दादाची कचेरी टिकली, रघुनाथकाकांची गेली. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दरबारच्या देवळांच्या खात्यात होते. कुठल्या देवाला कधी कुठला नैवेद्य, कुणी शिवायचं, कुणी नाही, यावर त्यांचा शब्द शेवटचा. खातं मोडलं आणि काका घरी बसले. राज्य गेलं तरी माणसाला हुकूम सोडायची सवय असते, मग आम्ही होतोच की. काय बाटलं, काय खरकटं झालं, कोण पारोसं आत आलं, दिवसभर निवाडे चालायचे.

त्याच हिवाळ्यात दादाची दाढ ठणकायला लागली. इंदरगंजच्या चौकाजवळ एका चिनी दातवाल्याचं दुकान होतं, पाटीवर हा एवढा मोठा दात रंगवलेला. वांग त्याचं नाव, कलकत्त्याहून आलेला, हिंदी मोडकंतोडकं. त्यानं दादाला खुर्चीत बसवलं आणि तोंडात बघायच्या आधी नुसता ऐकत उभा राहिला. "दाँत बाद में," म्हणाला, "पहले साँस."

त्यानं दादाला काय शिकवलं, तर उभं राहायला. हसू नका, खरंच एवढंच. सूर्य उगवायच्या आत गच्चीवर उभं राहायचं, गुडघे सैल, खांदे सैल, दोन्ही हात पुढे, पोटाशी भरलेली घागर धरावी तसे. श्वास ओढायचा नाही, तो आपोआप बेंबीखाली उतरू द्यायचा. मग हात सावकाश वर, सावकाश खाली. शेवटी मांडी घालून डोळे मिटायचे आणि मनात येईल ते येऊ द्यायचं, जाऊ द्यायचं. त्याच्या चिनी भाषेत याला काहीतरी नाव होतं. आम्ही त्याला घागर म्हणायचो. "काय दादा, भरली का घागर?" असं मी रोज चिडवायचे आणि तो म्हणायचा, "गळकी आहे, पण भरतेय."

पहिल्या हिवाळ्यात थोडा फरक पडला. दुसऱ्या हिवाळ्यात उशांचा ढीग मोडला आणि दादा आमच्यासारखा आडवा झोपायला लागला. वनमालावहिनीनं बर्फी केली आणि आम्ही तिघं वांगच्या दुकानात गेलो. त्यानं बर्फी घेतली, पण हसला नाही. "बीमारी गया नहीं," म्हणाला. "दरवाजे के बाहर बैठा है. रोज करेगा तो बाहर बैठेगा. बंद करेगा, अंदर आएगा." वहिनीच्या हातावर सर्रकन काटा आलेला मी पाहिला.

आता मुख्य गोष्ट. ही घागर घरात खपली कशी? पहिल्याच आठवड्यात काकांनी गच्चीवर दादाला पाहिलं आणि आकांडतांडव केलं. चिन्याकडचं, जे काय काय खातात त्यांच्याकडचं, आपल्या घरात? वहिनी माहेरची जबलपूरची, भारी हुशार. ती पदर सावरून म्हणाली, "काका, ही वायूची उपासना आहे. आपल्याकडूनच तिकडे गेली, आता परत आलीय." दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर पाट आला, निरांजन आलं, दादा सोवळं नेसून उभा राहायला लागला. काका असे विरघळले की विचारू नका. आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या भालूचं अनुष्ठान चालू आहे." वहिनी आणि मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसायचो. तेव्हा वाटलं, काय युक्ती केली.

वर्षं गेली. मध्य भारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. दादाला इंदूरला पाठवलं की तो ट्रंकेत पाट घालून न्यायचा. ताप असो, लग्न असो, खंड नाही. दादाला मुलगी झाली, लीला; ती मोठी झाली, तिच्याही छातीत थंडीत बारीक शीळ वाजायची. वहिनी ती ऐकायची आणि दादाकडे बघायची. "आठ वर्षांची झाली की शिकवतो," दादा म्हणायचा, "आत्ता ती एका जागी उभी राहील होय?"

छप्पन्न साल आलं आणि पुन्हा सगळं उलटंपालटं. मध्य भारत जाणार, मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळ. दिवाळीच्या तोंडावर सगळ्या कचेऱ्यांत एकच धांदल. दफ्तरखान्यातले बस्ते, जे कुणी कधी उघडले नव्हते, ते खाली काढून, झटकून, पोत्यांत भरून ट्रकांवर चढत होते. दादा संध्याकाळी घरी यायचा तो भुवयांपर्यंत पांढरा. घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "पक्कं सांगतो पद्मा, आज मी अख्खा दरबार गिळला." पण पहाटे घागर धरली की छाती मोकळी. दाराबाहेर बसलेलं बाहेरच होतं. मला मात्र त्या दिवसांत घराची चौकट ओलांडताना उगाच कसंतरी व्हायचं.

आणि मग साताऱ्याहून निरोप आला. दिनकरराव गेले. कोण दिनकरराव? आमच्या पणजोबांच्या भावाच्या वंशातले, ज्यांना आमच्यापैकी कुणी बघितलं नव्हतं आणि ज्यांनी आम्हाला कधी विचारलं नव्हतं. पण भाऊबंद ते भाऊबंद. काकांनी देवघराचं दार ओढून घेतलं, शेजारच्या जोशांना पूजेला सांगितलं आणि दादाकडे वळून म्हणाले, "भालू, सुतक फिटेपर्यंत अनुष्ठान बंद."

दादा हसला. त्याला वाटलं, काका चेष्टा करतायत. काकांनी आयुष्यात चेष्टा केली नव्हती.

"काका, मला त्याशिवाय जमायचं नाही," दादा म्हणाला.

"सुतकात उपासना चालत नाही. फारच वाटलं तर मनातल्या मनात कर."

श्वास मनातल्या मनात घ्यायचा. मी दारात उभी होते, माझ्या डोक्यात तिडीक गेली. सुतकात कचेरी चालते, पगार चालतो, धूळ चालते. श्वास तेवढा चालत नाही.

तेव्हा वहिनी पुढे झाली. तिचा चेहरा उतरला होता. "काका, ती उपासना नाहीच," ती म्हणाली. "व्यायाम आहे. छातीचा व्यायाम. तुम्ही करू दिलं नसतं म्हणून मी तसं सांगितलं."

काका तिच्याकडे वळले. "म्हणजे आठ वर्षं तू या घरात निरांजन लावून खोटं बोललीस? देवाच्या नावानं?" आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त भीती वाटली. "भालू, तू सांग. अनुष्ठान होतं की तुझ्या बायकोचं खोटं होतं?"

दादानं वहिनीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, खोटं होतं म्हणून सांगा, अशी. मला ती मान आजही दिसते. पण दादा म्हणाला, "अनुष्ठान होतं, काका. बंद ठेवतो." बायकोला कुणी खोटारडी म्हणू नये म्हणून त्यानं स्वतःचा श्वास देऊन टाकला. असा माझा दादा, शहाण्यांतला वेडा.

वहिनीनं विनवण्या केल्या. कचेरीत करा, मागच्या गल्लीत करा, मी पहाऱ्याला उभी राहते. तो म्हणाला, "चोरून उभं राहिलं की खांदे सैल पडत नाहीत गं. आणि थोडेच तर दिवस आहेत." आणि तोंड धुऊन बस्ते उचलायला गेला.

एकदोन दिवस काही झालं नाही. मग जेवताना तो मधेच थांबायला लागला, घास हातात धरून. मग बोलताना वाक्य तुटायला लागलं. मग एका सकाळी मी उठले तर उशांचा ढीग परत रचलेला, दादा त्यावर रेललेला, खांदे वर. लीला दाराशी उभी राहून त्याची छाती ऐकत होती. "बाबा पण माझ्यासारखी शीळ वाजवतात," ती म्हणाली. मी तिला आत घेऊन गेले.

मी काही कुणाला विचारलं नाही, तडक इंदरगंजला गेले. वांगचं दुकान अर्धं रिकामं होतं. बाबूलोक भोपाळला चालले, आता दात कोण काढणार, म्हणून तोही कलकत्त्याला निघाला होता. मी सगळं सांगितलं. कुणी मेलं की आम्ही उपासना बंद ठेवतो, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. "मरनेवाला तो मर गया," तो म्हणाला. "उसके लिए जिंदा आदमी का साँस बंद?" त्यानं दुकान तसंच उघडं टाकलं आणि माझ्याबरोबर आला.

उंबऱ्याबाहेरच तो थांबला. पहिल्या दिवशी दुकानात ऐकत उभा राहिला होता, तसाच मान तिरकी करून. आतल्या खोलीतून दादाची छाती ऐकू येत होती. "अंदर आ गया," वांग म्हणाला. मग आत येऊन दादाचा हात धरून म्हणाला, "उठो. अभी. मेरे सामने."

दादानं काकांकडे पाहिलं. काका दारात उभे होते. मी काकांचे पाय धरले, हो, धरले. ते म्हणाले, "परवा सुतक फिटतंय. इतकी वर्षं केलं, दोन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे? डॉक्टरांना बोलवा, सुई देतील." काका दुष्ट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की नेम मोडला तर दादाचंच वाईट होईल. पण मी त्यांना माफ केलेलं नाही.

"परसों से, डाक्टरसाहब," दादा वांगला म्हणाला. वांगनं त्याला दोन्ही हात जोडले, आपल्यासारखे, आणि गेला. संध्याकाळी डॉक्टर आले, सुई दिली, दादाला जरा बरं वाटलं. त्यानं मला हाक मारून विचारलं, "पद्मा, पाट धुऊन ठेवलायस ना?"

पहाटे तो आम्हाला गच्चीच्या जिन्यावर सापडला, अर्ध्या वाटेत बसलेला, डोकं भिंतीला टेकलेलं. वर हवेसाठी निघाला होता की घागरीसाठी, कुणाला कळलं नाही. हातात पाट नव्हता.

म्हणजे घरात पुन्हा सुतक. नवं, सख्खं. त्या दिवशी चुलीपासून देवघरापर्यंत सगळं बंद.

दुसऱ्या पहाटे जिन्यावर पावलं वाजली म्हणून मी मागे गेले. वहिनी लीलाला घेऊन गच्चीवर आली होती. रडून रडून पोरीची छाती भरली होती, शीळ मला जिन्यातच ऐकू आली. पाट नाही, निरांजन नाही, सोवळं नाही. वहिनी स्वतः गुडघे सैल करून उभी राहिली, दोन्ही हात पुढे. आठ वर्षं निरांजन लावता लावता तिनं सगळं पाहून ठेवलं होतं. "घागर धर," ती लीलाला म्हणाली. "खांदे सोड. ओढू नकोस, उतरू दे."

काका धापा टाकत वर आले. "वनमाला," ते म्हणाले, "सुतक आहे."

वहिनीनं मागे पाहिलं नाही. "आहे ना," ती म्हणाली. "तुम्ही पाळा."

मला वाटलं, आता काका पोरीचा हात धरून ओढतात. त्यांनी एक पाऊल टाकलंसुद्धा. मग लीलाची छाती वाजली आणि ते थांबले. वळून जिन्यात गेले आणि दादा जिथे सापडला त्याच पायरीवर बसले. लीलाची शीळ कमी होते का, ते आम्ही तिघंही ऐकत राहिलो.